तारण: कमाई कीं देणगी?

परीक्षेच्या वातावरणांत वाढणाऱ्या मुलांस ‘कृपा’ हा शब्द समजावून देणें कठीण जातें. यांत मुलांचा दोष नाहीं. पहिल्या इयत्तेपासून आपण त्यांस एकच व्यवहार शिकवितों: जितका अभ्यास तितके गुण. शाळेंत हा व्यवहार योग्यच आहे. न शिकलेल्या मुलास वरच्या वर्गांत ढकलणें ही दया नव्हे. परंतु हाच हिशेब घेऊन मनुष्य देवाच्या दारीं जातो. उपासनेस नियमित हजेरी, मंडळीची वर्गणी, दारूस न शिवणें, अशी बेरीज करून तो निश्चिंत होतो, किंवा बेरीज कमी भरली म्हणजे हताश होतो. निश्चिंत असो वा हताश, दोघेही आपल्याच वहीकडे पाहत असतात. ख्रिस्ताकडे कोणीच पाहत नाहीं.

सोलापुराहून पुण्यास जातांना केडगांव स्टेशन लागतें. तेथील मुक्ति मिशन पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) स्थापिलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तीर्थयात्रा, व्रतें, पुराणकथन व दानधर्म यांत त्या कुटुंबाचें आयुष्य गेलें, आणि १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत आईबाप व वडील बहीण हीं थोड्याच काळांत निवर्तलीं. पुढें इंग्लंडांत वाँटेज येथें १८८३ मध्यें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. लंडनमधील एका आश्रमांत पतित स्त्रियांस प्रेमानें वागविलेलें त्यांनीं पाहिलें होतें, व शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचें मन द्रवलें होतें. येथें गोष्ट संपली असें कोणासही वाटेल. पण १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

हें कोण म्हणतें तें पाहा. संस्कृतांत पंडिता, १८८९ मध्यें शारदासदन काढून विधवांस आसरा देणारी स्त्री. गुणांवर तारण मिळत असतें तर हिच्याहून अधिक गुण कोणाचे? त्यांनीं ती सारी पुंजी बाजूस ठेविली आणि रिकाम्या हातांनीं देणगी घेतली. मला ही गोष्ट त्यांच्या सर्व विद्वत्तेहून मोठी वाटते.

फुकट मिळालें म्हणजे मनुष्य बेफिकीर होईल, ही शंका जुनीच आहे. पौलासही ती विचारली गेली होती. रमाबाईंचें पुढील आयुष्य पाहावें. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराश्रित मुली व स्त्रिया आणिल्या, आणि उतारवयांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. मजुरीच्या आशेनें एवढें काम होत नाहीं.

आमच्या हिंदु पालकांस ‘कृपा’ शब्द परका नाहीं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यांत आहे, मंगळवेढ्याचे चोखोबाही आपलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें सांगत. तरी भेद झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ख्रिस्ती मनुष्याच्या समजुतीप्रमाणें कृपेची किंमत वधस्तंभावर भरली गेली आहे. यावर वरच्या वर्गांतील मुलें विचारतात: एकाच्या पापाचें ओझें दुसऱ्यानें कां वाहावें? हा न्याय कसा?

प्रश्न रास्त आहे. सावकारानें ऋणकोचा रोखा फाडला म्हणजे कर्ज हवेंत विरून जात नाहीं. तेवढा तोटा सावकाराच्या अंगावर पडतो. रस्त्यानें जाणाऱ्या तिसऱ्याच मनुष्यास धरून तो भरावयास लाविला तर तो उघड अन्याय होय. परंतु ख्रिस्त हा असा तिसरा मनुष्य नव्हे. ज्याचें आम्हीं देणें लागतों तोच ख्रिस्ताच्या ठायीं येऊन तोटा सोसतो, आणि तोही राजीखुशीनें. प्रायश्चित्ताच्या या सिद्धांतावर विद्वानांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत; शाळेच्या मासिकांत इतकें पुरे.

पालकांस मात्र एक विनंती आहे. मुलानें दुकानांतून एखादी वस्तु उचलली आणि रडत घरीं येऊन कबूल केलें, असें समजा. कांहीं बाप छडी शोधतात. कांहीं “जाऊं दे, लहान आहे” म्हणून विषय मिटवितात. दुकानदाराचें नुकसान दोन्ही घरीं तसेंच राहतें. त्याऐवजीं बापानें आपल्या खिशांतून पैसे घ्यावे, मुलाचा हात धरून त्या दुकानीं जावें, चार गिऱ्हाइकांसमक्ष मान खालीं घालून पैसे मोजावे, आणि मुलास पुन्हा हात धरूनच घरीं आणावें. वधस्तंभाविषयीं त्या मुलास पुढें कोणी सांगूं लागेल तेव्हां त्याला तें दुकान आठवेल.