दुबळं इंजिन दुबळंच राहू दे

'केर्बल स्पेस प्रोग्राम' खेळणाऱ्या माझ्या मित्रांची एक ठरलेली तक्रार असते: आयन इंजिनात दमच नाही, ग्रहावरून यान उचलतच नाही. मला वाटतं, ते उचलत नाही तेच बरं!

गेममधल्या या इंजिनाचं नाव 'डॉन'. रेटा २ किलोन्यूटन, वस्तुमान पाव टन. पृथ्वीइतकं गुरुत्व असलेल्या केर्बिन ग्रहावर पाव टनाचं वजन भरतं सुमारे २.४५ किलोन्यूटन. म्हणजे यान राहिलं बाजूला, इंजिनाला स्वतःचाच भार झेपत नाही. दिवसभर चालू ठेवा, जमीन सुटणार नाही. गिली या चिमुकल्या उपग्रहावर मात्र तेच इंजिन जवळपास ४० टनांचं यान उचलतं.

खरं 'डॉन' तर याहून दुबळं. नासाने २००७ मध्ये सोडलेल्या या यानाचा रेटा फार तर ९० मिलिन्यूटन, तळहातावरच्या कागदाच्या वजनाएवढा. सेरेसवर पृथ्वीच्या तीन टक्केही गुरुत्व नाही, पण तिथूनसुद्धा ते उठू शकलं नसतं. पृथ्वीवरून त्याला डेल्टा-२ रॉकेटने वर नेलं. पुढे वर्षानुवर्षं हळूहळू वेग साठवत ते २०११ मध्ये व्हेस्टाला आणि २०१५ मध्ये सेरेसला पोचलं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण अंतराळात लागू पडते, जमिनीवर नाही.

गेममध्ये वर्षानुवर्षं कोण थांबणार? म्हणून रेटा वीस हजार पटींहून जास्त वाढवला, ते मला मान्य आहे. पण म्हणून कुठल्याही ग्रहावरून भुर्रकन उडणारं यान नको. उठायची सोय वेगळी ठेवा. 'नो मॅन्स स्काय'मध्ये उड्डाणाचे थ्रस्टर वेगळे आणि त्यांचं इंधनही वेगळं. ते संपलं की अनोळखी ग्रहावर पायपीट करा! दुसरे मार्गही आहेत. हवा नसलेल्या चंद्रावर यानाला ढकलणारा विद्युतचुंबकीय रूळ असू दे, किंवा मोठं यान वर कक्षेतच थांबू दे आणि खाली फक्त छोटं रॉकेट येऊ दे.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला यात गोष्ट दिसते. रूळ कुणीतरी बांधलेला असतो, वर कुणीतरी वाट बघत असतं. त्यांच्याशी भांडण झालं, तर तुम्ही खाली अडकलात. एकट्याने कुठूनही उडणाऱ्या यानाला कुणाचीच गरज नसते, आणि ज्याला कुणाची गरज नाही त्याची गोष्ट सांगणार तरी काय?