गाठ आतड्याची, सापडते यकृतात

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापुरात किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर कुणाला ‘लिव्हरचा कॅन्सर निघाला’ असे कानावर येते, तेव्हा तो मुळात यकृताचा असेलच असे नाही. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी होते, यकृतात डाग दिसतात आणि घरचे तेवढेच ध्यानात ठेवतात. ‘कधी दारूला शिवला नाही, मग लिव्हर कसे गेले?’ याचे उत्तर अनेकदा मोठ्या आतड्यात असते. यकृतात वाढणाऱ्या त्या पेशी आतड्याच्याच असतात. बायोप्सीत त्या तशा ओळखू येतात आणि औषधेही आतड्याच्या कॅन्सरचीच द्यावी लागतात.

यकृतच का? आतड्यातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पचलेल्या अन्नातले घटक घेऊन ते पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतात जाते आणि तिथल्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतून झिरपून पुढे निघते. गाठीपासून सुटलेली पेशी अडकण्याची पहिली मोठी जागा तीच. गुदाशयाच्या खालच्या भागातले काही रक्त मात्र यकृताला वगळून पुढे जाते. त्यामुळे तिथला कॅन्सर कधी कधी यकृत मोकळे सोडून फुप्फुसात दिसतो. अर्थात अडकलेली प्रत्येक पेशी रुजत नाही, बहुतेक मरून जातात. इंग्लंडचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच बी आणि जमिनीचा दाखला दिला होता: बी चहूकडे पडते, उगवते मात्र मानवेल त्या मातीत. तरव्याची जागा पारखून घेणाऱ्या भातशेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

हा प्रवास एका रात्रीत होत नाही. सुरुवात बहुधा आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या छोट्या फुगवट्याने, म्हणजे पॉलिपने, होते. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात. जो बिघडतो त्यालाही साधारण दहा वर्षे लागतात. रोग अस्तरापुरता असतो तोवर पसरत नाही. खालच्या थरात उतरला की रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या त्याला मोकळ्या होतात. बाहेरचे आवरण भेदले तर पेशी पोटाच्या पडद्यावर पडतात आणि पोटात पाणी साठू लागते. लसिकेवाटे त्या आतड्यालगतच्या लसिका-गाठींत पोहोचतात. म्हणूनच शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातल्या किमान १२ लसिका-गाठी तपासाव्यात असा दंडक आहे. एका गाठीत जरी रोग सापडला, तरी ती तिसरी स्टेज.

‘चाकू लावला की पसरतो’ हा समज गावोगावी घट्ट आहे. त्याचे मूळ उघड आहे: रोग लपून पसरलेला असताना शस्त्रक्रिया होते, काही महिन्यांनी तो दिसू लागतो आणि दोष चाकूवर येतो. या भीतीने बायोप्सी टाळणाऱ्याचा रोग थांबून राहत नाही. तीच गोष्ट ‘चौथी स्टेज’ या शब्दांची: रोग दूर पसरला, आता सगळे संपले असे वाटते. पण यकृतातल्या गाठी मोजक्या असतील, तर तेवढा भाग काढता येतो. उरलेले यकृत पुन्हा वाढते. असे काही रुग्ण पुरते बरेही होतात. सगळ्यांना हे लागू नाही, पण विचारल्याशिवाय घरी परतू नये.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे त्याचे प्रमाण कमी असल्याने सरसकट कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासण्याचा, आग्रह आम्हीही धरणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. शौचावाटे रक्त गेले की गावात निदान ठरलेले असते: मूळव्याध. ‘विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ हा फलक हाकेच्या अंतरावर असतो आणि त्यात महिने जातात. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ तर बहुधा डोळ्यांना दिसेल असे रक्त दाखवतही नाही. माणूस नुसता पांढरा पडतो, चढ चढताना धापा टाकतो. पन्नाशीपुढच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरले असेल, तर लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर कोलोनोस्कोपीही लिहावी. त्यासाठी कोल्हापूरची एसटी धरावी लागेल, एक दिवसाचा रोजगार बुडेल. पण पॉलिप सापडला, तर बहुतेकदा त्याच दुर्बिणीतून तिथल्या तिथे काढून टाकता येतो.