पारदर्शक हा रंग आहे काय?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सहावीच्या एका चाचणीत मी एक सोपा प्रश्न घातला होता : 'पुढील वस्तूंचे रंग लिहा.' वस्तू पाच होत्या : हळद, कोळसा, कडुनिंबाचे पान, कापूस आणि खिडकीची काच. एका मुलाने पाचव्या वस्तूपुढे वळणदार अक्षरांत 'पारदर्शक' असे लिहिले होते. मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "गुरुजी, माझे उत्तर चुकले, तर मग काचेचा रंग कोणता?" त्याने विचारले. "काचेला रंग नसतो," मी म्हणालो. तो क्षणभर घुटमळला आणि हळूच म्हणाला, "मग गुरुजी, तो लिहायला का सांगितला?" वर्ग हसला. मला उत्तर सुचले नाही. आणि ते सुचले नाही म्हणूनच मी त्याला रागाने जागेवर बसविले.

मुलांनो, त्या दिवशी द्यावयाचे उत्तर मी आज देत आहे. पारदर्शक हा रंग नव्हे, असे माझे मत आहे. परंतु नुसते मत सांगणे पुरेसे नसते. त्यामागची कारणेही सांगावी लागतात. ती कारणे त्या मुलाला मिळाली नाहीत. निदान तुम्हांला ती मिळावीत.

प्रथम त्या मुलाची बाजू पाहू. ती काही लेचीपेची नाही. दुकानात रंगीबेरंगी बाटल्या मांडलेल्या असतात. एक निळी, एक हिरवी, एक तपकिरी आणि एक साधी, आरपार दिसणारी. दुकानदार विचारतो, "कोणती देऊ?" आणि आपण म्हणतो, "ती साधी द्या." म्हणजे निळ्या-हिरव्यांच्या पंगतीत या साध्या बाटलीचेही एक पान मांडलेले असते. जे रंगांच्या पंगतीला बसते, त्याला रंग का म्हणू नये? त्या मुलाच्या मनात हाच विचार आला असला पाहिजे, आणि तो विचार विचारी मुलाचाच आहे.

तथापि या विचाराची एक कसोटी घेता येते. कासाराच्या दुकानातील हिरव्या बांगड्या आठवा. काही हिरव्या बांगड्यांतून पलीकडचे बोट दिसते, काहींतून दिसत नाही. दोन्हींचा रंग मात्र हिरवाच. घरातला चहा घ्या. कोरा चहा तपकिरी असतो आणि पेल्याचा तळही दिसू देतो. त्यात दूध घातले की रंग थोडा उजळतो, पण तळ दिसेनासा होतो. आता पाहा, पारदर्शक हा जर एक रंग असता, तर हिरवी आणि पारदर्शक बांगडी एकाच जागी दोन रंगांची झाली असती. परंतु तिला आपण दुरंगी म्हणत नाही. ती एकाच रंगाची आहे आणि शिवाय पारदर्शक आहे.

यावरून काय दिसते? येथे प्रश्नच दोन आहेत. 'वस्तूचा रंग कोणता?' हा एक, आणि 'वस्तूतून पलीकडचे दिसते काय?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही. 'साखरेची चव कशी?' असे विचारल्यावर कोणी 'विरघळणारी' असे सांगितले, तर ते खोटे नाही. पण ते चवीचे उत्तर नव्हे. 'काचेचा रंग पारदर्शक' हे उत्तर त्याच जातीचे आहे. रंगाच्या रकान्यात लिहावयाचा शब्द 'रंगहीन' हा होय. 'पारदर्शक' या शब्दाचा रकाना निराळा.

हे असे का, ते प्रकाशाकडे पाहिले म्हणजे कळते. 1666 च्या सुमारास इंग्लंडमध्ये न्यूटनने अंधाऱ्या खोलीत सूर्यकिरण घेऊन तो काचेच्या लोलकातून जाऊ दिला, आणि पांढऱ्या वाटणाऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग सामावलेले असतात, हे दाखविले. तांबडी काच त्यांतील तांबडा प्रकाश पलीकडे जाऊ देते आणि उरलेला बहुतेक स्वतःत शोषून घेते. साधी काच बहुतेक साऱ्याच रंगांना सारखी वाट देते. रंग म्हणजे प्रकाशांतील केलेली निवड; पारदर्शकता म्हणजे प्रकाशाला न विस्कटता दिलेली वाट. कोणाला वाट द्यावयाची याची निवड करूनही वाट देता येते, आणि न करताही देता येते.

या विषयात थोर माणसांचाही गोंधळ झालेला आहे, तेव्हा आपण लाजण्याचे कारण नाही. आपल्याकडील 'तर्कसंग्रह' या संस्कृत ग्रंथात अन्नंभट्टांनी रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत : पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, तपकिरी आणि चित्रविचित्र. त्यांत पारदर्शक नाही. मग पाण्याचे काय? त्याला त्यांनी न चमकणारा पांढरा रंग दिला. 'न्यायसिद्धान्तमुक्तावली' या ग्रंथात तर त्याचा पुरावाही दिलेला आहे. यमुनेचे पाणी निळे दिसते खरे, पण ते आकाशात उडवून पाहा, ते पांढरेच दिसते! आपली बोलीही याच वाटेने गेली. रेशनच्या रॉकेलमध्ये ओळखण्यासाठी निळा रंग मिसळलेला असे. ज्यात तो नसे, त्या रंगहीन रॉकेलला लोक 'पांढरे रॉकेल' म्हणत. ते दुधासारखे पांढरे नाही, हे काय कोणाला दिसत नव्हते?

उडविलेले पाणी पांढरे दिसते, हे त्या पंडितांचे निरीक्षण अगदी खरे आहे. अनुमान मात्र आज दुरुस्त करावे लागते. खडीसाखरेचा एक चांगला खडा घ्या. त्यातून उजेड दिसतो. तोच कुटला की पांढरी पूड होते. पूड करताना आपण तीत पांढरा रंग घातला नाही. झाले एवढेच की एका खड्याचे हजारो कण झाले, प्रत्येक कणाच्या प्रत्येक बाजूवरून थोडा थोडा प्रकाश परतला, आणि सर्व रंगांचा प्रकाश सारखाच परतल्यामुळे पूड पांढरी दिसली. पाण्याचे तुषार, धबधब्याचा फेस आणि डोंगरावरचा हिम यांचे पांढरेपण याच प्रकारचे. उलट, कागदावर तेलाचा थेंब पडला की तेथला कागद अर्धवट पारदर्शक होतो, कारण तेल तंतूंमधल्या फटी भरून काढते. पांढरी वस्तू सारे रंग परत पाठविते. रंगहीन पारदर्शक वस्तू सारे रंग पुढे जाऊ देते. दोन्ही निवड करीत नाहीत, एवढेच त्यांच्यातील साम्य. आणि त्यावरूनच माणसे फसतात.

शेवटचा पुरावा तुमच्या घरातच आहे. खिडकीची साधी काच सरळ पाहिली तर रंगहीन वाटते. पण एखादी सुटी काच मिळाली, तर तिच्या धारेला हात न लावता, कडेच्या बाजूने पाहा. ती हिरवट दिसेल. काचेत लोहाचा थोडा अंश असतो, त्यामुळे हे घडते. पाण्याचेही तसेच आहे. पेलाभर शुद्ध पाणी रंगहीन भासते. पण पाणी तांबडा प्रकाश किंचित शोषून घेते, म्हणून खोल पाण्यात त्याची निळसर छटा प्रकट होते. समुद्राच्या या निळाईने 1921 मध्ये बोटीने मायदेशी परतणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना विचारात पाडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे त्या वेळचे मत त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हेही त्याचे एक कारण आहे, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. प्रकाशाच्या विखुरण्याचा हाच अभ्यास पुढे वाढत गेला आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे काच पारदर्शक आहे आणि किंचित हिरवीही आहे. पाणी पारदर्शक आहे आणि किंचित निळेही आहे. ज्याच्यासोबत कोणताही रंग सुखाने नांदू शकतो, तो स्वतः रंग कसा असेल?

तर मग त्या मुलाच्या उत्तरावर मी मारलेली फुली बरोबर होती काय? उत्तर बरोबर नव्हते, हे खरे. पण माझा प्रश्नही बरोबर नव्हता. जिला रंग नाही असे मी मानीत होतो, तिचा रंग मी विचारला होता. खिडकीकडे नीट पाहून, जे दिसले त्याला सापडेल तो शब्द त्या मुलाने दिला. 'पांढरा' असे लिहून त्या चाचणीत पूर्ण गुण मिळविणारी मुले होती, आणि त्यांना ते गुण मीच दिले होते. त्यांनी काचेकडे पाहिले नव्हते. त्यांनी फक्त रकाना भरला होता.

तो मुलगा आज मोठा झाला असेल. आज ती उत्तरपत्रिका माझ्यापुढे आली, तर मी तिच्यावर फुली मारणार नाही. समासात लिहीन : 'हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न मी विचारावयास हवा होता.'