हॅपी ट्री आणि आपला नरक्या

‘हर्बल आहे रे, साइड इफेक्ट झीरो!’ लंच टेबलवर हे वाक्य पडलं की सगळ्यांच्या माना डोलतात. ग्रीन टीवाल्यांच्या जरा जास्तच. तर मंडळी, आज एका झाडाची गोष्ट.

चीनमध्ये ‘शी शू’ नावाचं झाड आहे. शी शू म्हणजे आनंदाचं झाड. तिथल्या पारंपरिक औषधांमधलं हे जुनं नाव. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीने त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले!

आता फंडा ऐका. पेशीत डीएनएची कॉपी निघताना त्याला इअरफोनच्या वायरसारखा पीळ बसतो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी पाचर मारून बसतं. जोडणी अडते, कॉपी करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. सतत वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीला हा दणका जास्त बसतो.

पण आतडी आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढतात. त्यांनाही फटका बसतोच. सुरुवातीच्या चाचण्या तर १९७० च्या दशकात दुष्परिणामांमुळेच थांबल्या. मग रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन तयार झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोघांना मंजुरी मिळाली. म्हणजे झाड ते सलाइन, तब्बल तीस वर्षं!

गंमत म्हणजे, हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. तिकडे आनंद, इकडे नरक. मागणीपायी बिचारा बेसुमार तोडला गेला.

म्हणून ‘अमुक वनस्पती कॅन्सरच्या पेशी मारते’ असा फॉरवर्ड आला, तर लगेच हुरळू नका. काचेच्या बशीत पेशी मारणं सोपं, माणसाला वाचवून मारणं कठीण. घरात कुणाची केमो चालू असेल, तर काढा, चूर्ण, गोळ्या, जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगा. उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही साधी वनस्पती रक्तातला इरिनोटेकनचा प्रभावी अंश सुमारे ४० टक्क्यांनी घटवते, असं २००२ मध्ये दिसलं होतं. हर्बल म्हणजे निरुपद्रवी नव्हे, बॉस. काम करतं, म्हणूनच जपून.