जामोदच्या पायथ्याची बेदखल भाषा

गावांची नावे बदलण्याचा उत्साह महाराष्ट्रात अलीकडे भलताच वाढला आहे. २०२३ साली औरंगाबाद व उस्मानाबाद, २०२४ साली अहमदनगर ही नावे सरकारी दप्तरातून गेली. नाव फारसी की संस्कृत एवढ्यावरून स्वकीय-परकीय ठरविणाऱ्यांनी एकदा बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडावा.

मलकापूर घ्या. 'मलिक' अरबी, 'पूर' संस्कृत. याच नावाची गावे कऱ्हाडनजीक आणि शाहूवाडी तालुक्यातही आहेत. कापूस विकायला निघालेल्या शेतकऱ्याने नावाचा पूर्वार्ध वेशीबाहेर ठेवावा काय? पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव सराई यांत पिंपळ एकच. 'सराई' मात्र फारसी. रयतेने ही सोयरीक केव्हाच मान्य केली आहे.

खुद्द बुलढाणा हे नाव 'भिल्लठाणा'वरून आल्याचे सांगतात. ही व्युत्पत्ती सभेत ऐकविणारे पुढारी पुष्कळ. भिल्लांच्या वनहक्क दाव्यांचे काय झाले, हे विचारणारे विरळा.

जळगावचे उदाहरण याहून बोलके आहे. खानदेशातील जळगावशी गल्लत होऊ नये म्हणून येथील जळगावास शेजारच्या जामोदचे नाव जोडले गेले. त्याच जामोदच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जेमतेम दोन-अडीच हजार माणसे बोलतात. तिच्यात कोरकू व मराठी शब्दांचा भरणा मोठा. तरी तिचा गाभा आर्य, द्राविड वा मुंडा यांपैकी कोणत्याच कुळात बसत नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्या जनगणनेत मात्र १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा वेगळ्या दाखविल्याच जात नाहीत. अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल 'कोरकू' या नोंदीखालीच येतात. गावांची गल्लत टळावी म्हणून जोडनाव सापडले. माणसांची गल्लत मात्र शासनाने स्वतःच करून ठेवली!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा मिळाला, ते योग्यच झाले. परंतु थोरल्या भाषेचा गौरव धाकटीच्या मौनावर उभा राहत असेल, तर त्या गौरवात समाजवाद्यांना रस असण्याचे कारण नाही. जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा जळगाव जामोदच्या कार्यकर्त्यांनी वस्ती-वस्तीवर हजर राहावे, मातृभाषेच्या रकान्यात 'निहाली' लिहिले जाते की नाही ते पाहावे, आणि तो आकडा कितीही लहान असला तरी छापला जावा, अशी मागणी तहसील कचेरीपासून दिल्लीपर्यंत लावून धरावी.