देव एक, पंगती दोन

चकलांब्याकडून पैठण काही लांब नाही. गोदाकाठचा हा मुलूख नाथांचा. इथं सप्ताह बसला की कीर्तनात तेच येणार. राम म्हणा, रहीम म्हणा, देव एकच. त्याला जात नाही, धर्म नाही. लोक माना डोलावतात, टाळ वाजतात.

शेजारच्या एका गावात असाच सप्ताह होता. महाराज रंगात आले नि म्हणाले, देव एकच आहे तर काही लोक धर्म बदलून काय मिळवतात? रोख आमच्याकडं होता. काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसल्या. आमची पंगत निराळी, उकिरड्याच्या अंगाला, सगळ्यांच्या मागून. माझी चुलती त्याच गावातली. पाटीला हात न लागलेली म्हातारी. ती उभी राहिली.

"म्हाराज, देव येक हाय म्हन्ता, मंग पंगती दोन कामून?"

महाराज हसले. बाकीचे खवळले. चुलती पत्रावळ तशीच टाकून घरी आली.

त्या सवालाचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नाथांवर आमचा राग नाही. सोळाव्या शतकात त्यांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. दोघं एकमेकांच्या धर्माची उणीदुणी काढतात, कडाडून भांडतात, शेवटी समेट करतात. बरं झालं. पण त्या बोलाचालीत तिसरा कुठं होता? तो वेशीबाहेर होता. नाथांनी भारुडात महारालाही बोलतं केलं. पण शब्द नाथांचे नि शेवटची मुद्राही नाथांची. हिंदूचा नि तुर्काचा देव एक झाला, गावाची वेस होती तिथंच राहिली.

आमच्यातला चोखोबा स्वतःच्या तोंडानं बोलला. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळलं, त्याखाली गेला. ज्या कुसानं त्याला बाहेर ठेवलं, तेच बांधताना मेला. समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर. तिथून आत जायला आमच्या माणसांना 1947 साल उजाडावं लागलं. त्यासाठी सानेगुरुजी 1 मे ते 10 मे उपाशी राहिले. गुरुजींची तळमळ खरी. पण ज्या देवाला कसलीच हद्द नाही म्हणता, त्याच्या दाराची किल्ली माणसाच्या कमरेला कशी?

1930 साली बाबासाहेबांनी नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू केला. वर्षं गेली, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा गांधीजींचं म्हणणं असं पडलं की धर्म ही घरासारखी, अंगरख्यासारखी बदलायची वस्तू नव्हे.

आता हिशेब करा. सगळ्या वाटा एकाच देवाकडं जातात ना? मग आम्ही 1956 साली दुसरी वाट धरली तर तुमचं बिघडलं काय? बिघडलं ते एवढंच, की मेलेलं ढोर ओढायला माणूस मिळेना. देवाची एकी तुम्हाला आठवते ती आम्ही उठून निघालो की. आम्ही खाली बसलेलो असतो तेव्हा नाही.

बौद्ध झालो म्हणून केंद्राच्या सवलती 1990 पर्यंत अडवल्या. धर्म कुठला का असेना, देव एकच, देऊन टाका बाबांनो, असं कुणी महाराज म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं नाही.

आम्हाला तुमचा देव नको. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच तो विषय मिटला. पण तुम्हाला तो जगाला सांगायचाच असेल, तर आधी गावात पंगत एक करा. मसणवाटा एक करा. पोरापोरींच्या सोयरिकीला आडवे येऊ नका. मग या, आम्ही ऐकू.

चुलती औंदा गेली. गावच्या मसणवाट्यात तिला जागा दिली नाही. पाऊस लागलेला. ओढ्याच्या काठाला, ताडपत्री धरून, ओल्या लाकडावर आम्ही तिला जाळली.

तिचा सवाल अजून तसाच आहे. महाराज, पंगती दोन कामून?

जयभीम.