उतरण नको, गाडी पाहिजे

आधीच सांगून टाकतो. मला वेगाची गाडी आवडते. बसकी, दोन दारांची, पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे अशी. ज्यांना हे ऐकून मळमळतं त्यांनी पान उलटावं.

मागे अभ्यासवर्ग संपल्यावर टपरीवर हा विषय निघाला. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "हे चाळे भांडवलदारांच्या पोरांचे. आपल्या पोरांनी पुस्तकं घ्यावीत." घेतो काका, पुस्तकंही घेतो. पण गरिबानं फक्त गरजेचं मागावं, हौसेचं मागूच नये, हा कायदा कुणी केला? भाकरी आमची आणि वेग त्यांचा, ही वाटणी मला कबूल नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते आपल्याच पोरांशी आहे.

मी गोदीत असतो, ठेकेदाराच्या हाताखाली. मॅट्रिक पास. परदेशी जाणाऱ्या गाड्या जहाजात चढतात तिथं आमची टोळी. ड्रायव्हर गाडी आत नेऊन लावतो, आम्ही वाकून तिला पट्टे मारतो. पुढे दोन, मागे दोन. समुद्र हलला तरी गाडी हलता कामा नये. पाळीला किती गाड्या बांधल्या ते बोटांचे फोड सांगतात. चावी आमच्या हातात कधीच येत नाही. मालक गाडी वरून बघतो, आम्ही खालून बघतो. मला गाडीतलं जे काय कळतं ते खालून कळतं.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट ऐका. कुरियरमध्ये आहे. काका, म्हणजे मावशीचे यजमान, रिटायर झाले आणि फंडाचे पैसे हातात आले. यानं हट्ट करून त्यातले साडेपाच लाख उचलले आणि एक जर्मन गाडी आणली. छप्पर उघडणारी. नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या वर. दलाल म्हणाला, "डॉक्टरसाहेबांची आहे, फक्त रविवारी काढायचे." आमच्या पोराला वाटलं, चाळीसचा माल साडेपाचला, म्हणजे आपण डॉक्टरला लुटला!

पहिला महिना अख्ख्या चाळीनं फोटो काढले. दुसऱ्या महिन्यात गिअर अडायला लागला. तिसऱ्या महिन्यात गाडी सिग्नलला उभी राहिली ती हललीच नाही. वर्कशॉपवाल्यानं कागद हातात दिला: तीन लाख ऐंशी हजार, वर टॅक्स. एवढे आणायचे कुठून? गाडी चाळीमागे निळ्या ताडपत्रीखाली गेली. तिच्यात मांजर व्यालं. धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी याच फंडातून भरायची होती. ती एक वर्ष घरी बसली. काका काही बोलले नाहीत. रोज सकाळी दूध आणायला निघाले की त्या ताडपत्रीकडे एकदा बघायचे. बस्स. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगारवाला आला आणि ती उचलून घेऊन गेला. काय दिलं ते लिहायची मला लाज वाटते.

सगळे म्हणाले, हौस नडली. मी म्हणतो, हौस नाही नडली. हिशोब नडला.

हिशोब असा आहे. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांनी सहा लाखांत मिळते, पण तिच्या ब्रेकच्या डिस्क चाळीस लाखांच्या गाडीच्याच असतात. टायर त्याच मापाचे, ऑइल त्याच प्रतीचं, मेकॅनिकची मजुरीही त्याच दरानं. पहिला मालक वॉरंटीत चालवतो. दुसरा अजून काही मोडलं नाही तोवर चालवतो. मग क्लच, सस्पेन्शनचे बुश, पाण्याचा पंप, टर्बो, सगळ्यांचं वय एकदम भरत येतं, आणि नेमकी तेव्हाच गाडी "स्वस्तात" निघते. तो गाडी विकत नाही रे, तो त्याचं येणारं बिल विकतो. आणि ते बिल आपण पेढे वाटून घरी आणतो.

आपल्या आज्यापणज्यांनी गावाची उतरलेली कापडं अंगावर घातली. फाटकं लुगडं, विटका सदरा, वर उपकार. ते नाकारायला आपल्या माणसांनी काय काय सोसलं ते मी तुम्हाला सांगायला नको. आता कुणाची तरी उतरलेली गाडी दारात आली की तीही उतरणच काय? नाही. जुनी गाडी घेण्यात कमीपणा काडीचा नाही. निम्मी मुंबई जुन्यावरच चालते. फरक एवढाच: देणारा देतो आणि आपण मुकाट घेतो ती उतरण. आपण खाली झोपून बघतो, नको ते नाकारतो, भाव पाडतो आणि मग घेतो, ती खरेदी. दोन्हींच्या मध्ये फक्त माहिती उभी आहे. आणि माहितीला फंड मोडावा लागत नाही.

म्हणून थोडी माहिती.

मोठ्या नावाला भुलू नका. पोर्शची बॉक्सटर १९९६ साली आली. जगभर जुन्या बाजारात सगळ्यांत स्वस्त पोर्श म्हणून पोरं तिच्यामागं लागतात. तिच्या पहिल्या पिढीच्या इंजिनात, मधल्या शाफ्टला, एक बेअरिंग आहे. सगळ्यांचं फुटत नाही, पण ज्याचं फुटतं त्याचं अख्खं इंजिन जातं. ते बदलायचं तर आधी गिअरबॉक्स खाली उतरवायचा. अमेरिकेत गिऱ्हाइकं कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये कंपनीनं तडजोड केली. म्हणजे तिथं पैसेवाल्यांनाही हे झेपलं नाही. तुम्ही-आम्ही कोण?

दुसरं उदाहरण जवळचं. फोक्सवॅगनच्या घराण्यातला सात गिअरचा डीएसजी, कोरड्या क्लचचा. रिकाम्या हायवेवर लोण्यासारखा चालतो. पण आपला हायवे म्हणजे सायनचा सिग्नल. तासभर एक फूट पुढे, एक फूट पुढे. क्लच तापतो, गिअर बदलणारं यंत्र दगा देतं. चीनमध्ये २०१३ साली या घराण्याच्या डीएसजीपायी ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इथं त्याच सालापासून पोलो जीटी टीएसआय याच जातीचा गिअरबॉक्स घेऊन फिरली. घ्यायचीच तर क्लच कधी बदलला, कुठे बदलला, त्याची पावती आधी मागा. पावती नाही तर चहा प्या आणि घरी या.

तिसरं पाण्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. पण त्या दिवशी बुडालेल्या गाड्या पुढं बाजारात चकाचक होऊन उभ्या राहिल्या हे जुने मेकॅनिक अजून सांगतात. दर पावसाळ्यात थोडं फार तेच होतं. बसकी गाडी आधी बुडते. म्हणून सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. गालिचा उचलून वास घ्या. सीटच्या खालच्या पट्ट्या गंजल्यात का बघा. स्टेपनीचा खड्डा चाचपा. दलालानं आत सुगंधी बाटली लटकवली असेल तर दोनदा वास घ्या.

गाडी सकाळी बघा, थंड असताना. बोनेटला हात लावा. आधीच गरम असेल तर त्यानं तुमच्या आधी चालू करून ठेवली आहे, काहीतरी लपवतोय. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतं आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय? मीटर खोटं बोलतंय, रबर खरं बोलतंय. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. आणि गाडी वर उचलून खालून बघितल्याशिवाय एक रुपया टोकन देऊ नका. वरून सगळ्याच गाड्या सुंदर असतात.

कागद. आरसी कुणाच्या नावावर? कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म. नावबदलीचे २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि वर महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरायचा. दिल्लीच्या गाड्या इथं स्वस्त का दिसतात ते यावरून समजा. तिथं पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची अट घातली गेली, मग माल इकडं ढकलला जातो. नावबदली टाळू नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलंय, अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. विकणारा म्हणतो "नंतर करू", तेव्हा त्यालाच हा निकाल ऐकवा. मग बघा कसा धावत आरटीओत येतो.

आणि कुणी म्हणालं, "बाहेरून आणून देतो स्वस्तात," तर हे मी गोदीतला माणूस सांगतोय: परदेशातली जुनी गाडी देशात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली पाहिजे, स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, आणि नियमानं ती उतरते फक्त मुंबई बंदरात. वर ड्युटी एवढी की "स्वस्त" हा शब्द बॅलार्ड पियरलाच बुडतो. बाकीच्या वाटा चोरवाटा. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सनं धाडी घातल्या, भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून महागड्या जुन्या गाड्या जप्त केल्या. मोठ्या माणसांना वकील असतात. आपल्या पोराला लॉकअप असतं.

मग घ्यायचं काय? माझ्या कुवतीचं सांगतो. फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ मध्ये आली, पुण्याजवळ रांजणगावला आपल्याच कामगारांच्या हातून बनली. १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १४५ घोडे, हातानं टाकायचा गिअर, चारी चाकांना डिस्क. पत्र्याचं बरंच सामान साध्या पुंटोचं चालतं. पण फियाट नावाच्या गाड्या इथं बनायच्या बंद झाल्या, तेव्हा इंजिनाच्या पार्टसाठी चपला झिजवाव्या लागतात. ज्याला चाकणची पोलो हवी त्यानं २०२० नंतरची एक लिटर टीएसआय बघावी, सहा गिअरची, हाताची. ११० घोडे. दोन दारं नाहीत, छप्पर उघडत नाही. पण २०२२ ला पोलो बंद झाली तरी ते इंजिन दुसऱ्या गाड्यांत चालू राहिलं, त्यामुळे पार्ट मिळतो. बसकी जर्मन राणी ताडपत्रीखाली झोपवण्यापेक्षा ही रोज धावते. धावते तिलाच वेग म्हणायचा ना?

आणि एक नियम माझा स्वतःचा. दहा रुपये असतील तर सातची गाडी बघायची. तीन डब्यात, दुरुस्तीला. डबा रिकामा करून घेतलेली गाडी आपली नसते, वर्कशॉपवाल्याची असते. आणि फंड, फी, औषधपाणी या पैशाला हात लावायचा नाही. त्या पैशावर दुसऱ्या कुणाचा तरी वेग अवलंबून असतो. आमच्याकडे तो एका पोरीचा होता, आणि ती वर्षभर उभी राहिली.

१९२९ ची चाळीसगावची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बाबासाहेब स्टेशनवर उतरले. टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. वस्तीतल्या माणसांनी बाणा दाखवला, टांगा भाड्यानं घेतला आणि आपलाच एकजण हाकायला बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. ज्यांनी टांगा हाकायचं नाकारलं त्यांचा गुन्हा मी विसरत नाही. पण बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतः लिहून ठेवली, आणि त्यात आपल्या माणसांची चूकही लपवली नाही. मान राखायच्या नादात जीव धोक्यात घातला, असं त्यांनी सरळ म्हटलंय. मला त्यातून हे दिसतं, की टांगा मिळवणं ही अर्धी लढाई. लगाम हातात धरता येणं ही उरलेली अर्धी.

म्हणून दोस्तांनो, वेगाची लाज बाळगू नका. पण गाडी घ्यायच्या आधी सहा महिने एखाद्या गॅरेजात रविवारचे जा. ऑइल बदलायला शिका, प्लग काढायला शिका, हात काळे करा. आयटीआयवाला एक दोस्त जोडा. चौघे मिळून एक गाडी घ्या, मालक चौघे, मेकॅनिक एक. कुणी विचारलं, "तुला परवडते का रे ही?" तर खिसा दाखवू नका. बोनेट उघडा आणि आत काय काय आहे ते त्याला एकेक नाव घेऊन सांगा.

मावसभाऊ आता दर रविवारी भायखळ्याच्या एका गॅरेजात जातो. बहिणीची फी त्यानं हप्त्यानं भरली, ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा काकांनी त्याला विचारलं, "पुन्हा घेणार का?" तो म्हणाला, "घेणार. पण या वेळी मी खालून बघणार."

काका हसले. ताडपत्रीनंतर पहिल्यांदा.